संगणकवाल्यांनी मेंदूच्या वाटेला जाताना: काय करावे, काय टाळावे

चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी एका मेंदूच्या प्रयोगशाळेत डेटा साफ करायच्या कामाला लागलो, तेव्हाची ही पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. उंदराच्या मेंदूची पातळ चकती मिठाच्या पाण्यात ठेवलेली, पाण्यात ऑक्सिजनचे बुडबुडे, आणि एका पेशीला काचेची नळी टेकवलेली. नळीचं टोक एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचं. अँप्लिफायरची तार स्पीकरला जोडली होती. पेशीनं ठिणगी टाकली की स्पीकरमधून 'तड्' आवाज यायचा. आधी एखादाच, मग फोडणीत मोहरी तडतडावी तसा सडा. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना मी म्हटलं, "म्हणजे तड् झालं की एक, शांत असेल तेव्हा शून्य. बरोबर ना, मॅडम?"

सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता त्या म्हणाल्या, "माना की. पेशीला विचारलंत का?"

त्यानंतर मी खाल्लेले टोले आणि संगणकातल्या मित्रांच्या तोंडून ऐकलेली विधानं यांतून ही यादी झाली. हसू येईल असं यात आमच्याबद्दलच जास्त आहे. पण मेंदूवाल्यांनी फार खूश होऊ नये; त्यांच्यासाठीही एक कलम राखून ठेवलंय.

टाळा: न्यूरॉनला लॉजिक गेट म्हणणं

१९४३ साली वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीचं, एक गणिती सोंग उभं केलं. येणारे इशारे मोजायचे, बेरीज उंबरठा ओलांडते का बघायचं. ओलांडला तर हो, नाही तर नाही. पिट्स तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या संगणकाच्या आराखड्याचा मसुदा लिहिला आणि त्यात याच न्यूरॉनची परिभाषा वापरली. म्हणजे उसनवारी मुळात उलट्या दिशेची. संगणकानं मेंदूकडून, तेही मेंदूच्या सोंगाकडून, शब्द घेतले. आज आपण तेच शब्द मेंदूला लावतो आणि 'बघा, दोघं किती सारखे' म्हणतो. आपणच लावलेली पाटी वाचून आपणच चकित व्हायचं, असला हा प्रकार.

फॉन नॉयमन स्वतः फसले नव्हते. ते १९५७ मध्ये गेले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या 'द कॉम्प्युटर अँड द ब्रेन' या छोट्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय की मेंदूत डिजिटल आणि अॅनालॉग दोन्ही तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्याची आकडेमोडीची अचूकता संगणकाच्या तुलनेत फारच कमी आहे. तरीही तो चालतो, हेच त्यांना कोडं वाटत होतं.

करा: एकट्या न्यूरॉनला अख्ख्या यंत्राचा मान द्या

न्यूरॉनला फांद्या असतात, डेंड्राइट. आपल्या आकृत्यांमध्ये त्या नुसत्या तारा असतात: इशारा इकडून आला, तिकडे गेला. प्रत्यक्षात त्या फांद्या स्वतः हिशेब करतात.

१९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी एका पुस्तकात दाखवलं की एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या सुरुवातीच्या रूपाला, 'एक्सॉर' हा साधा तर्क जमत नाही: दोघांपैकी एकच हजर असेल तर हो, दोघंही असतील तर नाही. पुढची काही वर्षं या क्षेत्राचा उत्साह ओसरला, त्याला हे पुस्तकही कारण होतं. आता २०२० चा निष्कर्ष बघा. बर्लिनमध्ये मॅथ्यू लारकम यांच्या गटानं शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, तुकड्यांवर मोजमाप केलं. तिथल्या फांद्यांमध्ये एक कॅल्शियमची ठिणगी सापडली, जी ठरावीक ताकदीच्या इशाऱ्याला सगळ्यात जोरात उमटते आणि इशारा त्याहून वाढला की दबते. असली एक फांदी तत्त्वतः एक्सॉर सोडवू शकते. ज्यावरून न्यूरल नेटवर्कची नाचक्की झाली, ते काम एका पेशीच्या एका फांदीला झेपतं.

२०२१ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांनी उलट बाजूनं विचारलं: कॉर्टेक्समधल्या एका न्यूरॉनची हुबेहूब नक्कल करायला किती थरांचं डीप नेटवर्क लागेल? उत्तर आलं पाच ते आठ. मग त्यांनी मॉडेलमधून एनएमडीए नावाचा, रासायनिक इशारा पकडणारा एकच रिसेप्टर काढून टाकला, तर एका आतल्या थराचं नेटवर्क पुरलं. आपण 'इंप्लिमेंटेशन डिटेल' म्हणून ज्या रेणूकडे ढुंकून पाहिलं नसतं, त्याच्यात सगळी खोली दडलेली होती.

माझ्यापुरतं सांगायचं तर या यादीतली बाकी सगळी कलमं या एका ओळीची शेपटं आहेत. संगणकात थर असतात, कारण माणसांनी ते मुद्दाम केले. वरच्याला खालचं कळायची गरज पडू नये म्हणून. मेंदूत असा करार कुणी कुणाशी केलेला नाही. कोणता तपशील फालतू, हे आधीच ठरवायचा हक्क आपल्याला नाही.

टाळा: 'शंभर अब्ज न्यूरॉन आणि त्याच्या दहापट ग्लिया'

ग्लिया म्हणजे न्यूरॉनांना साथ देणाऱ्या पेशी. हा आकडा पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं फिरत होता आणि कुणी मोजलेला नव्हता. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी मोजला. पद्धत ऐकून घरातली मंडळी जेवण अर्धवट टाकतील: मेंदूचे भाग डिटर्जंटमध्ये घोटून त्यांचं सूप करायचं. पेशी फुटतात, त्यांची केंद्रकं शाबूत राहतात. सूप नीट ढवळलं की कुठल्याही थेंबात केंद्रकं सारख्याच दाटीनं सापडतात. थेंब रंगवा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, गुणाकार करा. २००९ मध्ये चार पुरुषांच्या मेंदूंवरून आलेली सरासरी: ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे ८,६०० कोटी, आणि बिगर-न्यूरॉन पेशीही जवळपास तेवढ्याच. दहापट वगैरे काही नाही.

करा: ते ८६ अब्ज कुठे आहेत ते विचारा

त्यातले सुमारे ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या लहान मेंदूत आहेत. ज्या कॉर्टेक्सचा आपण एवढा डौल मिरवतो, त्याच्या वाट्याला १६ अब्ज. २०१४ मध्ये चीनमधल्या एका २४ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. चक्कर येते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि स्कॅनमध्ये दिसलं की त्यांना लहान मेंदू जन्मापासूनच नाही. चालणं आणि स्पष्ट बोलणं त्यांना उशिरा आलं, तोलही थोडा ढळता होता. पण आयुष्य चाललं होतं. न्यूरॉनची संख्या म्हणजे मॉडेलच्या पॅरामीटरची संख्या असं धरून 'अमुक इतके झाले की माणसाएवढी बुद्धी' असा आलेख काढणाऱ्यानं आधी हे गणित जुळवून दाखवावं.

टाळा: वायरिंग मिळालं म्हणजे प्रोग्रॅम मिळाला असं मानणं

सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीला ३०२ न्यूरॉन असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये पूर्ण झाला. तो कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्या नकाशावरून आजही ठामपणे सांगता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला: १,३९,२५५ न्यूरॉन, सुमारे पाच कोटी सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनांमधले सांधे. २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा एक घन मिलिमीटर, म्हणजे वाळूच्या कणाएवढा तुकडा, पन्नास कोटींवर सिनॅप्ससह मांडला गेला. काम अफाट आहे आणि त्यात संगणकवाल्यांचा मोठा हात आहे. पण शहराचा रस्त्यांचा नकाशा हातात आला म्हणून आज गणपती विसर्जन आहे हे त्यातून कळत नाही.

करा: खेकड्याच्या पोटात डोकवा

कोकणात खेकडा साफ करणाऱ्या कुणालाही माहीत असतं की डोळ्यांच्या मागे एक पिशवी असते, ती काढून टाकायची. ती त्याची पोटाची थैली. तिच्या आत चक्क दात असतात. अन्न तोंडात नाही, पोटात दळलं जातं. ते दळण चालवणाऱ्या चेतागाठीत फक्त तीसेक न्यूरॉन आहेत. अमेरिकेत ईव्ह मार्डर यांनी खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या या एवढ्याशा गाठीवर आयुष्य घातलंय. वायरिंग केव्हाच माहीत झालेलं. तरी काम संपेना.

कारण त्याच वायरिंगवर वेगवेगळी रसायनं शिंपडली की तीच गाठ वेगवेगळे ताल धरते. एक न्यूरॉन एका रसायनात एका तालाच्या मंडळात असतो, दुसऱ्यात दुसऱ्या. ढोलकी तीच, पण समोर लावणी आहे की भारूड हे रक्तातून येणारा निरोप ठरवतो. हा निरोप तारेच्या नकाशात दिसत नाही, कारण तो तारेनं येतच नाही.

दुसरी गोष्ट याहून अस्वस्थ करणारी. २००४ मध्ये मार्डर यांच्या गटानं या गाठीचं तीन पेशींचं मॉडेल घेतलं आणि त्यातले आकडे बदलत बदलत दोन कोटींहून जास्त नमुने संगणकावर चालवले. अगदी सारखा ताल देणारे ढीगभर नमुने सापडले आणि त्यांचे आतले आकडे एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. म्हणजे दोन खेकड्यांचं पोट एकाच ठेक्यात दळत असेल, तरी आतली मांडणी वेगळी असू शकते. सरासरी खेकडा काढाल तर तो कदाचित दळणारच नाही. डेटाची सरासरी काढायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला बरेच दिवस लागले.

टाळा: 'हार्डवेअर वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं'

१९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकँपसमध्ये, आठवणींशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, दाखवलं की जोरकस वापरानंतर सिनॅप्सची ताकद वाढते आणि तासन्‌तास तशीच राहते. तुम्ही हे वाक्य वाचताय, तेवढ्यातही कुठेतरी बांधकाम चालू आहे. प्रोग्रॅम चालला की चिप बदलते, अशा यंत्रात 'प्रोग्रॅम दुसऱ्या चिपवर कॉपी करू' या वाक्याला आधी अर्थ द्यावा लागेल. मग गुंतवणूकदार शोधावेत.

टाळा: आठवणीला फाइल म्हणणं, आणि 'मेंदूची क्षमता इतके पेटाबाइट' छापणं

२०१५ मध्ये उंदराच्या हिप्पोकँपसमधले सिनॅप्स बारकाईनं मोजून एक निष्कर्ष निघाला: त्यांचे सुमारे २६ आकार एकमेकांपासून ओळखू येतात, म्हणजे एका सिनॅप्समागे ४.७ बिट. सुरेख मोजमाप आहे. ते आकार 'ओळखू येण्याचं' मोजमाप आहे. त्याला सिनॅप्सच्या संख्येनं गुणून हार्ड डिस्क काढणं म्हणजे घरातले डबे मोजून स्वयंपाक काय झालाय ते सांगणं.

फाइल वाचल्यानं बदलत नाही. आठवण बदलते. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. भीती मुरल्यावर तोच आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डलात, मेंदूच्या भीतीशी जोडलेल्या भागात, प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टोचलं. नंतर ती भीती गेलेली होती. आवाज न ऐकवता औषध दिलं तर भीती जागेवर. आठवण काढणं म्हणजे ती पुन्हा ओली करणं. पुन्हा वाळताना ती वेगळी वाळू शकते.

करा: आठवणींचे प्रकार वेगळे ठेवा

हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये आकडी थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, हिप्पोकँपसचा मोठा भाग गेला आणि नव्या प्रसंगांची आठवण धरणं बंद झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला आणि दर दिवशी त्यांना वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. एकाच डिस्कच्या भाषेत याचं वर्णन कसं करणार?

टाळा: 'मेंदू बॅकप्रॉपच करतो' आणि 'मेंदू बॅकप्रॉप करूच शकत नाही'

दोन्ही वाक्यं सारख्याच आत्मविश्वासानं बोलली जातात. १९८६ मध्ये रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी नेटवर्कची चूक मागे पोचवून वजनं सुधारण्याची ही पद्धत गाजवली. १९८९ मध्ये डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक यांनी 'नेचर'मध्ये तिच्यावर थंड पाणी ओतलं: चूक मागे पोचवायला जी उलटी वाट लागते, तिच्यावर प्रत्येक सिनॅप्सचं नेमकं वजन माहीत असावं लागतं, आणि तसली सोय न्यूरॉनमध्ये दिसत नाही. २०१६ मध्ये टिमोथी लिलिक्रॅप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मागची वजनं कशीही यादृच्छिक ठेवली तरी नेटवर्क बरंच शिकतं. वाद अजून चालू आहे. चालू द्या.

टाळा: डोळा म्हणजे कॅमेरा आणि मागे पाइपलाइन

जुलै १९६६ मध्ये एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी 'समर व्हिजन प्रोजेक्ट' आखला. उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांना कामाला लावून दृष्टीचा बराचसा भाग उभा करायचा, असा बेत. ती सुटी लांबली.

चित्रं ओळखणारं कन्व्होल्यूशन नेटवर्क मेंदूवरून घेतलं, हे अर्धसत्य सांगताना पूर्ण गोष्ट सांगावी, कारण ती फार छान आहे. १९५८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल बेशुद्ध मांजराच्या कॉर्टेक्समधली एक पेशी तासन्‌तास ऐकत बसले होते. काचेच्या पट्टीवर ठिपका काढून तो पडद्यावर दाखवायचा, पेशी ढिम्म. एकदा पट्टी प्रोजेक्टरच्या खाचेत सरकवताना पेशीनं अचानक धडाका लावला. ठिपक्याचा काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट सावली एका कोनात पडद्यावरून सरकली होती, आणि पेशीला ती रेघ हवी होती. १९८१ चं नोबेल या वाटेनं आलं. कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये त्या दोघांनी ओळखलेल्या 'साध्या' आणि 'गुंतागुंतीच्या' पेशींवरून 'निओकॉग्निट्रॉन' बांधला, आणि तिथून आजच्या नेटवर्कांची वंशावळ निघते.

गाळलेली बाजू अशी. डोळ्याकडून कॉर्टेक्सकडे जाताना मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमध्ये एक थांबा आहे. त्या थांब्यातल्या पेशींवरच्या सिनॅप्सपैकी डोळ्याकडून आलेले जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीचे कॉर्टेक्सकडून उलटे आलेले, मेंदूच्या देठाकडून आलेले, आजूबाजूचे. दारावरच्या माणसाला रस्त्यापेक्षा घरातूनच जास्त सूचना येतात. पाइपलाइनच्या चित्रात हे उलटे बाण कुणी काढत नाही, कारण काढले की चित्र बिघडतं.

करा: जिथे संगणकशास्त्राचा नेम लागला ते अभिमानानं सांगा

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन', हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत मोजलं तेव्हा दिसलं की फळाच्या रसाची अपेक्षा नसताना तो मिळाला तर डोपामिनच्या पेशी उसळतात; सवयीनं रसाआधी होणाऱ्या इशाऱ्यावरच उसळू लागतात; इशारा होऊनही रस आला नाही तर नेमक्या त्या वेळेला गप्प होतात. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्या मशीन लर्निंगमधल्या सूत्राशी जुळवून दाखवलं. पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक सांगत होत्या. सूत्र आधी, पेशी नंतर, असं क्वचित घडतं.

दुसरं उदाहरण माशीचं, आणि त्याचं एक टोक कुलाब्यात आहे. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकापासून फळमाशीची चव आणि वास यांचा आनुवंशिक माग काढला. बिघडलेल्या माशा शोधायच्या आणि त्यावरून धड यंत्रणा ओळखायची. जगभरच्या अशा कामातून हळूहळू माशीच्या नाकाची वाट कळत गेली. पन्नासेक प्रकारच्या इशाऱ्यांतून एक वास येतो, तो दोनेक हजार पेशींवर पसरवला जातो, प्रत्येक पेशी मोजक्याच इशाऱ्यांना जोडलेली. मग एक मोठी दाबणारी पेशी सगळ्यात जोरकस ५ टक्के सोडून बाकीच्यांची तोंडं बंद करते. उरलेले म्हणजे त्या वासाचा शिक्का. २०१७ मध्ये संजय दासगुप्ता, चार्ल्स स्टीव्हन्स आणि साकेत नवलखा यांनी ओळखलं की सारखी चित्रं, सारखी गाणी झटपट शोधायला आपण जे हॅशिंग वापरतो तेच हे. फरक एवढाच की आपण माहिती आकुंचित करतो आणि माशी ती चाळीसपट फुगवते. माशीची तऱ्हा तपासली, तर अनेक ठिकाणी ती सरस ठरली. इथे कुणी मेंदूला संगणक म्हटलं नाही. पेशींनी काय केलं ते आधी पाहिलं.

टाळा: तारीख देणं

२००९ हे वर्ष या बाबतीत वाचण्यासारखं. आपल्या आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले धर्मेंद्र मोधा आयबीएममध्ये होते. त्यांच्या गटानं १.६ अब्ज न्यूरॉनचं सिम्युलेशन चालवलं, मांजराच्या कॉर्टेक्सएवढ्या प्रमाणाचं. त्याला महासंगणनातलं मानाचं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं. बातम्यांत मात्र 'मांजराचा मेंदू बनवला' असं आलं. आकडे मांजराएवढे होते. न्यूरॉन अगदी साधे होते, आणि म्याव कुठेच नव्हतं. स्वित्झर्लंडचे हेन्री मार्करम यांनी चिडून जाहीर पत्र लिहिलं आणि दाव्याच्या चिंध्या केल्या.

त्याच मार्करम यांनी त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या मंचावरून सांगितलं होतं की दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकावर उभा करता येईल. २०१३ मध्ये युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट सुरू झाला, २०१४ मध्ये शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, मग नेतृत्व बदललं. २०२३ मध्ये प्रकल्प संपला. नकाशे, साधनं, आज्ञावल्या मागे उरल्या, आणि त्या उपयोगी आहेत. मेंदू उभा राहिला नाही. मोधा यांच्या गटाची २०१४ ची ट्रूनॉर्थ चिप मात्र मला मनापासून आवडते: दहा लाख कृत्रिम न्यूरॉन आणि वीज सुमारे ७० मिलिवॉट. तिनं मेंदू असल्याचा आव आणला नाही, चिप म्हणून काम केलं.

टाळा: '२० वॉट' हे उत्तर समजणं

मेंदू साधारण २० वॉटवर चालतो हे खरं. पण ती काटकसर एका अटीवर आहे. एक ठिणगी पेशीला इतकी महाग पडते की, पीटर लेनी यांनी २००३ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, कॉर्टेक्समधले १ टक्क्याहूनही कमी न्यूरॉन एकाच वेळी जोमात असू शकतात. 'आपण मेंदू दहाच टक्के वापरतो' म्हणणाऱ्याला हे सांगू नका. तो याचंही भाषण करेल.

थोडक्यात टाळा

'सरपटणाऱ्यांचा मेंदू खाली, माणसाचा वर.' उत्क्रांती मजले चढवत नाही.

'डावा मेंदू गणिती, उजवा कलावंत.' भाषा बहुतेकांत डावीकडे झुकते, इतपत खरं. बाकी ज्योतिष.

'उत्क्रांतीनं ऑप्टिमाइझ केलंय.' आपल्या डोळ्यातल्या तारा पडद्याच्या पुढून जातात आणि बाहेर पडताना भोक पाडतात, तोच आंधळा ठिपका. ऑक्टोपसच्या डोळ्यात तारा मागून जातात.

'स्कॅनमध्ये मेंदूचा हा भाग पेटला.' काही पेटत नाही. एफएमआरआय रक्त बघतं, तेही पाचेक सेकंद उशिरा, आणि चित्राच्या एका ठोकळ्यात लाखो न्यूरॉन असतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी मेलेल्या सॅमन माशाला यंत्रात ठेवून माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना विचारल्या. संख्याशास्त्रातली एक नेहमीची दुरुस्ती वगळली, तर माशाचा मेंदू 'पेटला'. गमतीदार संशोधनाचं २०१२ चं इग नोबेल त्यांना मिळालं.

'मेंदू म्हणजे संगणक मुळीच नाही.' ही आपलीच चूक, उलटी घातलेली. वर खेकडा आणि माशी येऊन गेलेत, त्यांना विचारा.

करा: (मेंदूवाल्यांनी) आपली हत्यारं आमच्या चिपवर चालवून बघा

२०१७ मध्ये एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांनी हेच केलं. एमओएस ६५०२ ही जुनी चिप घेतली. तिच्यात ३,५१० ट्रान्झिस्टर, आणि तिचं काम काडीकाडीनं माहीत. तिच्यावर डाँकी काँग आणि स्पेस इन्व्हेडर्स हे व्हिडिओ गेम चालवले आणि मेंदूशास्त्रातल्या रूढ पद्धती लावल्या. एकेक ट्रान्झिस्टर मारून बघितला, तर काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते मारल्यावर फक्त डाँकी काँग बंद पडतो. म्हणजे डाँकी काँगचं केंद्र सापडलं! आलेख देखणे आले. चिप कशी चालते ते कळलं नाही. आमच्या बाजूचे लोक हा लेख चघळत हसतात. मीही हसलो होतो. मग लक्षात आलं की चिप माणसानं काढलेली, थरांची, नकाशासह हातात असलेली, तरी ही गत. समोरच्यांकडे तर नकाशाही नव्हता.

करा: प्राणी कोणता, जागा की झोपलेला, आणि तापमान किती, हे विचारा

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांची १९५२ ची समीकरणं आजही अनेक सिम्युलेटरांच्या पोटात आहेत. ती माखलीच्या भाईबंदाच्या, स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर, ६.३ अंश सेल्सिअसला बसवलेली. ते आकडे तसेच उचलून ३७ अंशांच्या उंदरात टाकणारा कोड मी पाहिलाय, लिहिलाही आहे. आणि ज्यांना वाटतं की हे सगळं आपल्या मशिनींमुळे शक्य झालं, त्यांच्यासाठी: केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरबदलांसाठी सहाएक महिने बंद होता. हक्स्ली यांनी हातानं फिरवायच्या ब्रुन्सव्हिगा यंत्रावर तीनेक आठवडे हँडल मारून मज्जातंतूतून धावणारी एक ठिणगी काढली.

करा: मूळ डेटा जपा

शेवटचं कलम माझ्या नावावर. तिसऱ्या महिन्यात मी एक फिल्टर लिहिला. ठिणग्यांच्या मधल्या शांततेत एक बारीक थरथर असायची, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच्या छोट्या लाटा. ती मी नॉइज म्हणून सपाट केली. आलेख इस्त्री केल्यासारखे दिसायला लागले, फाइलींचा आकार निम्मा झाला, आणि मी ते कौतुकानं मॅडमना दाखवायला नेले.

त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढून दिली. पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ, १९५०, बेडकाचा स्नायू; शीर्षकातच 'जैविक नॉइज' असे शब्द. त्या दोघांना मज्जातंतू गप्प असतानाही अशाच छोट्या लाटा दिसल्या होत्या, आणि त्यांनी त्या पुसल्या नाहीत. एकेक लाट म्हणजे रसायनाची एकेक पुडी सिनॅप्सवर फुटत होती. मज्जातंतूचा निरोप पुड्यांच्या हिशेबात जातो हे तिथून कळलं. कॅट्झ यांना १९७० चं नोबेल त्या वाटेवर मिळालं. मॅडमचा अख्खा प्रकल्प या लाटांवरच होता. मी सहा आठवड्यांच्या नोंदींतून नेमक्या त्याच उडवल्या होत्या.

माझ्या तोंडाला कोरड पडली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मूळ फाइली दुसऱ्या डिस्कवर आहेत. तुम्ही रुजू झालात त्या दिवसापासून ठेवते आहे."

"मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."